स्वच्छ निघालेली नळी

महाडच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो, तेव्हाची गोष्ट. डॉक्टरांनी मुंबईहून एक बाटली आणली होती. आत साखरेसारखे पांढरे खडे, नाव सल्फोसॅलिसिलिक ॲसिड. पाण्यात चटकन विरघळत, दमट हवेत ओलसर होत, आणि लोखंडाचा चमचा लागला की गुलाबी पडत. तो चमचा एकदा मीच घातला आणि भरपूर बोलणी खाल्ली. त्या पाण्याचे चार थेंब काचेच्या नळीतल्या लघवीत टाकायचे. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातून गळालेलं प्रथिन, असलं तर नळीत लगेच पांढरं गढूळ येई, नसलं तर पाणी नितळ. दिवा नको, उकळणं नको. माणसं खोटं बोलतील, हे ॲसिड बोलायचं नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी, डोंगरावरच्या कुडपणला आली होती. रजेवर गेलो तर तिचा चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. डोकं ठणकतंय म्हणाली. अशा सुजेत अल्ब्युमिन निघालेली एक बाई झटके येऊन दगावलेली मी पाहिली होती. पण सख्ख्या बहिणीजवळ लघवीचा विषय काढायची मला लाज वाटली. रिकामी बाटली आईच्या हातात दिली. तिनं ती भरून, चिंधीत गुंडाळून आणली.

डोंगर उतरून तडक दवाखाना गाठला. थेंब टाकले. पाणी नितळ. पुन्हा टाकले, तरी नितळ. माझा जीव भांड्यात पडला.

"तरी तिला एकदा खाली घेऊन ये," डॉक्टर म्हणाले.

"नळी स्वच्छ आहे की," मी म्हणालो, आणि घरी निरोप धाडला की काळजीचं काही नाही.

आठवड्यानं चार माणसं तिला डोलीतून घेऊन आली. मागून आई, अनवाणी. पहाटेपासून झटके येत होते. डॉक्टरांनी रबरी नळीनं लघवी काढली आणि माझ्याकडे दिली. थेंब पडले मात्र, नळीत दही लागल्यासारखं झालं. तशीच ती काचेची नळी घेऊन मी ओट्यावर आईकडे गेलो.

"आये, त्या बाटलीत काय दिलं होतंस?"

"माझं होतं रे ते," ती म्हणाली. "पोटुशी बाईचं पानी घराभायेर देत नाय. कोनी करनी केली म्हंजे?"

मी तिच्यावर ओरडलो. इतका, की औषधाला आलेली माणसं उठून बाहेर आली. खरं तर ओरडायला हवं होतं स्वतःवर. डॉक्टरांचं ऐकून बहिणीला तेव्हाच खाली आणलं असतं तर! दुपारी बहीण गेली, आणि तिच्याबरोबर पोटातलं मूलही.

घरी परतताना पोलादपूरपर्यंत आई माझ्या पुढे चालत होती. चढ लागला तशी थांबली.

"रे, मी पानी बदललं म्हनून गेली काय ती?"

"नाय गो आये," मी म्हणालो. "ती जायचीच होती."

घरात औषधपाण्यातलं कळणारा मी एकटाच. तिनं ते खरं मानलं.