तिसऱ्या हौदावरचा बारावा फोटो

१९७४ सालच्या फेब्रुवारीतला तिसरा रविवार. सकाळी साडेनऊच्या सुमारास, जुन्या जालन्यातल्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत, मी फोटोग्राफरला पंधरा रुपये आगाऊ दिले. हजर चौघं होतो: मी, माझी पत्नी, माझी माय आणि फोटोग्राफर. ठरलं ते असं. रोल एकच. त्यात फोटो बारा. अकरा जुन्या नहरीचे, ते त्याचे. बारावा मायचा, तो माझा.

नहर म्हणजे आमच्या गावची जुनी पाण्याची व्यवस्था. मोती तलावाचं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरातल्या दगडी हौदांत यायचं. मी नगरपालिकेच्या पाणी विभागात कारकून. नहर तोवर ठिकठिकाणी बुजली होती, पण तिचा कापडावर चिकटवलेला नकाशा माझ्याच कपाटात असे. फोटोग्राफरला एका वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी नहरीचे फोटो हवे होते, आणि कुठून काढले तर चांगले येतील हे दाखवणारा माणूस हवा होता. म्हणून तो माझ्याकडे आला.

त्याचा स्टुडिओ कापडबाजारात, जिना चढून वर. तिथल्या पडद्यावर कुठल्या तरी परदेशी शहराचा कालवा रंगवलेला होता. दोन्ही काठांना माड्या, मध्ये नाव. नवी जोडपी त्या पाण्यापुढे उभी राहत. तो म्हणायचा, "साहेब, गावात असली नहर असून मी लोकांना कापडावरच्या पाण्यापुढं उभं करून राह्यलो. शरम वाटते."

मायचं कारण वेगळं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून मी तिला आमच्या खेड्याहून, धावड्याहून, आणली होती. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू. छातीचाही त्रास होता. तिचा एकही फोटो नव्हता. वडील गेले तेव्हा त्यांचाही नव्हता. आमच्या भिंतीवर दोनच तसबिरी होत्या, त्या कुणाच्या हे आमच्यासारख्यांच्या घरात सांगावं लागत नाही. वडिलांचा चेहरा माझ्या मुलांना कधीच कळणार नाही, हे मला सलत होतं. मायच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी धरलं होतं.

जागा शोधायला आम्हाला तीन रविवार लागले. आम्ही पहाटे निघायचो, मी सायकलवर नकाशाची नक्कल घेऊन आणि तो मागच्या कॅरिअरवर कॅमेरा पोटाशी धरून. त्याच्या कॅमेऱ्यात वरून वाकून बघावं लागायचं. अंतर मोजायला त्याच्याकडे सुतळी होती, पाच, आठ, बारा आणि वीस फुटांवर गाठी मारलेली. सुतळीचं एक टोक मी नाकाशी धरून उभं राहायचं, दुसरं तो कॅमेऱ्याशी धरायचा. येणारे जाणारे हसायचे. एक जण म्हणाला, "नगरपालिकेनं माणसांची बी मोजणी काढली काय?"

मी वहीत प्रत्येक जागेचा उजेड लिहीत गेलो. तलावाचा बांध, सकाळी सात ते साडेसात, नंतर पाणी चमकून डोळे दिपतात. सराईची कमान, संध्याकाळी साडेपाचच्या पुढे. नळाचा उंच चुनेगच्ची मनोरा, ज्याच्या माथ्यावर पिंपळ उगवला होता, तिथे दुपारीसुद्धा चालेल. कुंडलिका नदीच्या काठी नहर जिथे फुटली होती तिथे पाणी सतत ठिपकत असे, आणि त्या ओल्या दगडावर हिरवं मखमल चढलेलं होतं. ती जागा मी शोधली. फोटोग्राफरनं पाठ थोपटली तेव्हा मला पगारवाढीइतका आनंद झाला.

पण सगळ्यांत उत्तम जागा तिसरा हौद. नकाशावर हौदांना आकडे होते, एक ते पाच, आणि मी कायम आकड्यांनीच बोलायचो. तिसरा हौद एका बोळाच्या टोकाला आहे. तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूनं पायऱ्या. त्या मी मोजल्या, चौदा. त्या वर्षी सातवीपर्यंत पाणी होतं. सकाळी पावणेनऊला ऊन समोरच्या छपरावरून सरळ पाण्यात उतरायचं आणि पाण्यातून उलटून पायऱ्यांवर पडायचं. सहाव्या पायरीवर माणूस उभा राहिला की चेहऱ्यावर वरून आणि खालून सारखा उजेड. असा उजेड वीसच मिनिटं राहत असे. फोटोग्राफरनं मला तिथे उभं केलं, कॅमेऱ्यात पाहिलं आणि बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाला, "अम्मांना इथंच उभं करा. एक एक सुरकुती येईल. निगेटिव्हवर बिलकुल हात फिरवावा लागणार न्हाई."

घरी मी मायला सांगितलं की तुझा फोटो तिसऱ्या हौदावर काढायचा. ती बरं म्हणाली. धाकट्या सुनेनं, माझ्या भावजयीनं, दिलेलं हिरवं लुगडं नेसू का, असं तिनं विचारलं. माझी पत्नी म्हणाली, "आत्याबाई, पांढरं नेसा, फोटूत हिरवं काळं दिसतं." माय जालन्याचीच लेक, हे मला ठाऊक होतं. बाराव्या वर्षी लग्न होऊन ती धावड्याला गेली. तिच्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं आणि ती माहेराबद्दल बोलत नसे. कोणत्या गल्लीतली, हे मी कधी विचारलं नाही. तिसरा हौद हा आकडा माझ्या कपाटातला. गावातली माणसं त्या हौदाला वेगळ्या नावानं ओळखत, आणि ते नाव मी तिच्यापुढे उच्चारलंच नाही.

फोटो काढायचा दिवस मार्चच्या मध्यावर आला. फोटोग्राफर आणि मी पहाटे निघून बांध उरकला. आदल्या दिवशी संध्याकाळी कमान आणि मनोरा झाला होता. हिरव्या दगडापाशी त्यानं दोन जास्त काढले. तिथून तिसऱ्या हौदाच्या बोळाशी आलो तेव्हा अकरा संपून एक उरला होता. आणखी एक रोल घेऊन ठेवू या, असं तो आधी म्हणाला होता. रोलला साडेसात रुपये पडत होते. मी म्हणालो, एका फोटोसाठी अख्खा रोल कशाला, अकरा अन् एक, एका रोलात बराबर बसतात. हे वाक्य माझं आहे. दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकता येत नाही.

पत्नी मायला टांग्यातून घेऊन आली. साडेआठ झाले होते. मायनं पांढरं लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. टांगा बोळाच्या तोंडाशी थांबला आणि माय पत्नीचा हात धरून चालू लागली. तिला दोन हातांपलीकडचं धूसर दिसे. बोळात एक कडुनिंब आहे, भिंतीला चिकटून. तिथवर आली आणि थांबली. पायानं जमीन चाचपली. मग हात लांबवून निंबाच्या बुंध्याला लावला.

"ह्यो उतार," ती म्हणाली. "इथं काहून आणलं मला?"

मी म्हणालो, "हाच तिसरा हौद, माय. चल, पुढं पायऱ्या आहेत, मी धरतो."

ती हलली नाही. आधी मला वाटलं, दमली असेल. मग ती सांगू लागली, फार हळू, जणू पत्नीला सांगते आहे, मला नाही. तिचं घर या बोळाच्या खाली नदीकडच्या वस्तीत होतं. सात-आठ वर्षांची असल्यापासून ती घागर घेऊन इथे यायची. या निंबापुढे यायचं नाही, असा कायदा होता. घागर खाली ठेवायची, आपण मागे सरायचं आणि वाट पाहायची. पाणी भरायला आलेल्या कुणाला दया आली तर तो वरून घागरीत पाणी ओतायचा. कधी लगेच, कधी दुपार व्हायची. निंबाच्या सावलीवरून तिला वेळ कळे. एकदा धाकटी बहीण सोबत होती. घागर कलंडून घरंगळत गेली, तिच्या मागे ती पोर धावली आणि पहिल्या पायरीवर उतरली. एकच पायरी. त्यानंतर आठ दिवस त्यांच्या घागरीत कुणी पाणी ओतलं नाही. ते नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी पीत राहिले.

हे सगळं मला नवीन होतं. म्हणजे असं असायचं हे मला माहीत होतं. धावड्याला आमचा झिरा वेगळा होता, मी ते लहानपणी भोगलं आहे. पण हाच हौद, ज्याच्या पायऱ्या मी मोजल्या, ज्याच्या उजेडाची मिनिटं वहीत लिहिली, तो हा, हे नवीन होतं.

मी म्हणालो, "माय, आता तसं न्हाई राह्यलं. आता कुणी अडवत न्हाई."

"अडवून कोण राह्यलं?" ती म्हणाली. "मला म्हाईत हाये कुणी अडवत न्हाई. मलाच जायचं न्हाई."

"मंग फोटो?"

"इथंच काढ. म्या इथं उभी राह्यचे, इथंच काढ. अन् हौद बी आला पायजे त्यात."

फोटोग्राफर जवळ येऊन वाकून बोलला. त्यानं तिला समजावलं की निंबाखाली दाट सावली आहे, मागे हौदावर ऊन आहे, हौद घेतला तर मला फार मागे जावं लागेल, आणि तुमचा चेहरा काळा येईल. "अम्मा, चेहराच न्हाई आला तर फोटो काय कामाचा?"

"चेहरा कुणाला पायजे," माय म्हणाली. "जागा येऊ दे."

त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, साहेब, फोटो एकच आहे. चेहरा घेऊ का जागा, तुम्ही सांगा. तिला कळणार नाही, मी जवळून चेहरा घेतो आणि हौद आला म्हणतो. नऊ वाजत आले होते. उजेडाची पाच-सात मिनिटं उरली होती. पत्नी माझ्याकडे पाहत होती आणि तिच्या नजरेत काय होतं ते मला वाचता आलं नाही. मला चेहरा हवा होता. त्यासाठीच हा सारा खटाटोप होता. पण जिला दिसत नाही तिला फसवून तिचा फोटो काढायचा, हे माझ्यानं झालं नाही. मनात असंही होतं की डोळ्यांचं ऑपरेशन झालं की दुसरा काढू, स्टुडिओत, हवा तेवढा जवळून.

मी म्हणालो, "ती म्हणते तसा काढा."

सुतळी वीस फुटांवर संपली. पुढचं अंतर मी पावलांनी मोजलं. सगळे मिळून अडतीस फूट. माय भिंतीला न टेकता, दोन्ही हात समोर धरून, घागर नसताना घागर धरल्यासारखी उभी राहिली. फोटोग्राफरनं हाक दिली. खटका वाजला.

आठ दिवसांनी प्रत आली. हौद अप्रतिम आला होता, पायऱ्यांचा दगड न् दगड मोजता यावा असा. उजवीकडे निंबाखाली पांढऱ्या लुगड्याचा एक उभा पट्टा, आणि त्याच्या वर जिथे चेहरा असायला हवा तिथे सावलीचाच एक तुकडा. फोटोग्राफरनं मोठा करून पाहिला. फिल्मचे दाणे मोठे झाले, चेहरा नाही झाला.

मायनं फोटो नाकाशी नेला, तिला काहीच दिसलं नाही. तिनं विचारलं, "हौद किती लांब दिसतो माझ्यापसून?" मी पट्टी लावली. पावणेतीन इंच. तिला इंच कळेना, म्हणून मी तिचं बोट धरून कागदावरून फिरवलं, निंबापासून पहिल्या पायरीपर्यंत.

"बराबर," ती म्हणाली.

प्रदर्शनात अकरा फोटो लागले. हिरव्या दगडाचा सगळ्यांना आवडला. लोक म्हणाले, आपलं गाव इतकं सुंदर आहे हे माहीतच नव्हतं. मी तिथे तासभर उभा होतो आणि कोणी जागा विचारली तर सांगत होतो. बारावा मी त्याला लावू दिला नाही.

उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, छातीचं आधी बरं होऊ द्या. पावसाळ्यात ती हट्टानं धावड्याला गेली. भाऊबीजेच्या आधी मी तिला आणायला जाणार होतो. त्याच्या अकरा दिवस आधी ती गेल्याचा निरोप आला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी समोर फोटो ठेवायचा असतो. आमच्याकडे तोच होता. लोक फुलं वाहायला पुढे वाकत आणि थबकत. माझ्या धाकट्या मुलीनं, जिला आजीच्या मांडीची सवय होती, विचारलं, "ह्याच्यात आजी कुठाय?" मी बोट ठेवलं. ती फोटोवर वाकली आणि म्हणाली, "ही कुणी पण असल."

म्हणून मी बाजारातल्या चित्रकाराकडे गेलो. तो दुकानांच्या पाट्या रंगवी आणि गेलेल्या माणसांची चित्रं सांगण्यावरून काढी. त्यानं वही घेतली आणि विचारू लागला. कपाळ रुंद का अरुंद? नाक बसकं का सरळ? भुवया जुळलेल्या? गावातल्या कोणत्या हौदाला किती पायऱ्या हे मला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. मायच्या भुवया जुळलेल्या होत्या का, हे आठवेना. पत्नीला बोलावून आणलं. तिनं बरंच सांगितलं, हनुवटीवरच्या गोंदणाचे तीन ठिपकेसुद्धा. माझ्या आठवणीत ठिपके दोनच होते. शेवटी तीनच काढायला सांगितले, कारण तेल लावायला तिच्याजवळ पत्नी बसायची, मी नाही.

चित्र झालं. गोरी, भरल्या गालांची, पोटभर झोप झालेली एक बाई. गोंदण जागच्या जागी होतं. मुलं ते एकदा पाहून खेळायला गेली. चित्रकार म्हणाला, कुठं चुकलं ते सांगा, दुरुस्त करतो. मला सांगता आलं नाही. त्यानं जे ऐकलं ते काढलं होतं, त्याच्याकडून कमी काही झालं नव्हतं. ठरलेले पस्तीस रुपये मी त्याला पूर्ण दिले.