घाटा निवायच्या आत

"सरलाबाई, तुम्हाला म्हणून सांगते, मला या उन्हात फिरवायचंच होतं तर तसं आधी सांगायचंत. खळं आपलंच आहे म्हणालात. आपलं कसलं, बाई? दारात तिकीट काढावं लागलं! बाकी सगळं तुम्हाला कळतं, पण आधी चौकशी करावी एवढंच तेवढं सुचत नाही."

शेजारच्या नूतनताई मनातल्या मनात हे पत्र पुढे चाललेल्या पाठीला सुनावत होत्या. सरलाबाईंच्या डोक्यावर गोधडीत गुंडाळलेलं पातेलं होतं आणि त्यात ज्वारीचा शिजवलेला घाटा. गरम असेपर्यंतच त्याच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, ओल्या कापडावर थापता येतात. निवला की दगड.

सरलाबाई सुरतेतल्या नवागामच्या. नवरा उखा यंत्रमागावर, त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावत. लेक चंचल पारोळ्याला दिलेली. दर उन्हाळ्यात तिच्या सासरी डबाभर बिबड्या जायच्याच. 'सुरतेला राहून तुझ्या आईला आता जमत नाही वाटतं' असं विहीणबाईंनी लेकीला ऐकवू नये, म्हणून ही बाई अंगात ताप असतानाही शेगडीपुढे बसलेली नूतनताईंनी पाहिली होती. यंदा घरमालकाने गच्चीवर सोलर बसवून कुलूप घातलं. मग आठवली ही जुनी वाडी. पडकी सराई, गोठा, धान्याचं कोठार आणि मागे फरसबंदी खळं. वाडीचं तिकीटवालं हेरिटेज पार्क होण्याआधी चाळीतल्या बायका तिथेच वाळवण घालत. परवा नूतनताई लग्नाला पारोळ्याला निघणार होत्या. डबा त्याच नेणार होत्या.

सराईपाशी पहारेकरी आडवा आला. छातीवर नाव, गजेंद्र. त्याने पाटीवरच्या बाणाकडे बोट केलं.

"मासी, आ बाजू नहीं. तीर प्रमाणे चालो."

"अरे, खळं समोर दिसतंय!" नूतनताई कडाडल्या.

"ए पछी आवे. पहेला सराई, पछी गोठो."

सरलाबाईंनी त्याला न्याहाळलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "कोना पोऱ्या रे तू? कोठला?"

"धरणगावना," तो ओशाळला.

"मग तुनी माय बिबड्या कोठे वाळवस?"

"आमना घरले गच्ची शे ना."

"शे ना! म्हनीसन तुले तीर सुचतस!"

तो हसला, पण वाट काही सोडली नाही. सराईला पुरता वळसा घालावा लागला. दर पडक्या भिंतीपुढे पाटी आणि दर पाटीपुढे फोटो काढणारी कॉलेजची पोरं. गोठ्यात तर चक्क रांग. एरवी नूतनताईंना जुन्या बांधकामाचं भारी कौतुक. आज एकेक वीट उपटून फेकावीशी वाटत होती.

"सरका रे, बाईंच्या डोक्यावर ओझं आहे!"

"आंटी, एक मिनिट, एक लास्ट."

खळ्याभोवती साखळी होती. सरलाबाई ती सरळ ओलांडून गेल्या. जुनं लुगडं पसरलं, त्यावर पाणी शिंपडलं, पातेलं उघडून बोट घातलं. बोट आत जाईना.

"थंडा व्हई गया, ताई."

"उद्या परत करू."

"ज्वारी भिजाडाले तीन दिन लागतस."

"मग उधन्याच्या बाजारातून विकतच्या घेऊ. कोण ओळखणार आहे?"

सरलाबाई लुगड्याच्या घड्या घालत राहिल्या. "मनी पोर वळखी," एवढंच म्हणाल्या.

नूतनताई पारोळ्याला रिकाम्या हाताने गेल्या. मांडवात चंचल सासूला बरोबर घेऊनच भेटायला आली. डब्यासाठी घरून कापडी थैलीही आणली होती.