दोन्ही बाह्या उजव्या

सोलापुरात ऐन उन्हाळ्यात गरम कपडा शिवायला बसणारी बाई एकतर खुळी असते, नाहीतर आई असते. आमची आई त्या वर्षी दोन्ही होती.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, सत्तरचं दशक नुकतं कुठे सुरू झालं होतं. सुट्टीत हिमालयात मुलींचं एक शिबिर होतं, त्यासाठी माझी निवड झाली. वडील गिरणीत कामाला. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जेवता जेवता एवढंच म्हणाले, "थंडीचं धड कापड अंगावर आसंल तर जा. न्हायतर न्हाय." आणि भाकरी मोडायला लागले. त्यांच्या मते विषय संपला होता, कारण आमच्या घरात स्वेटर नावाची वस्तू कुणीच पाहिलेली नव्हती. मी ताट तसंच टाकून उठले. माझा राग नाकावर असायचा तेव्हा, अजूनही फार खाली उतरलेला नाही.

आई मात्र शांत होती. "कापड मी करते की," म्हणाली.

शिबिराला जाऊन आलेल्या आमच्या खेळाच्या बाईंकडे टोपीवाला जाड स्वेटशर्ट होता. मी तो एका रविवारपुरता मागून आणला. आईने तो उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवलं आणि खूश झाली. "अगं, ही तर रॅग्लन बाही. आमाला क्लासात शिकवल्याली." लग्नाआधी माहेरच्या मंद्रूप गावाहून इथे मामाकडे येऊन तिने शिवणाचा क्लास केला होता, त्याचा तिला फार अभिमान. तिने मला समजावलं, की नेहमीची बाही खांद्यावर गोल बसवावी लागते, जाड कापड तिथे वळत नाही, झोळ येतो. रॅग्लनची शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी, जवळजवळ सरळ उतरते. जाड कापडाला हीच बरी. टोपीचं तर तिला काहीच वाटलं नाही. "कुंची शिवायची, मोठी. हातभर वाढल्यालं बाळच हाय की तू."

आता राहिलं कापड. शेजारी तेलुगू बोलणारं विणकर कुटुंब होतं. त्यांच्या घरातच माग चालत, दिवसभर खडखडाट. तिथल्या मावशींनी एक चादर आणून दिली. विणताना एका कोपऱ्यात धागा चुकलेला, म्हणून बाजारात न गेलेली. मरून रंगाच्या जमिनीवर पांढरी फुलं. मागून बघितलं तर पांढऱ्यावर मरून फुलं, आमच्याकडच्या चादरी असतातच तशा. मावशी म्हणाल्या, "अक्का, एवढी एकच हाय बघा. जपून कापा."

आईने वर्तमानपत्राचे नमुने कापले. पाठ, पोट नीट निघालं. चादर दुहेरी घातली तर कात्री चालेना, म्हणून बाह्या तिने एकेरी कापडावर कापल्या. एक कापली, कागद उचलून शेजारी ठेवला, दुसरी कापली. पोलक्याचं कापड असतं तर तिने आधी सुलटी बाजू कुठली ते पाहिलं असतं, मग कागद पालथा घातला असता. पण चादर दोन्हीकडून देखणी. तिथेच हात फसला.

जोडायला घेतलं तेव्हा कळलं. रॅग्लन बाहीची पुढची तिरकी कड आखूड असते, मागची लांब. उजवी बाही चोख बसली. डावीची आखूड कड पाठीकडे येऊ लागली. आईने ती फिरवली, वरखाली केली, आणि मग मशीनच्या स्टुलावर तशीच बसून राहिली. दोन्ही बाह्या उजव्या झाल्या होत्या. उरलेल्या तुकड्यात टोपी जेमतेम निघणार होती, बाही निघणं शक्यच नव्हतं.

आई पदराने तोंड पुसत होती, ते घामासाठी होतं असं मी समजून चालले. "तुजं जाणं मीच कापलं गं," ती म्हणाली.

मावशी पाण्याची घागर घेऊन दारावरून चालल्या होत्या, आमची तोंडं बघून आत आल्या. आईने बाही दाखवली. त्यांना शिवणातलं फारसं कळत नव्हतं. काय बिघडलं हेच त्यांना कळेना. "मग पालथी घाला की," त्या म्हणाल्या.

"पालथी कशी घालू? उलटी बाजू वर येईल."

"चादरीला उलटी बाजू कुटं असती, अक्का? आमी दोन्हीकडून विणतो की."

आईने बाही पालथी केली. आखूड कड पुढे आली, लांब कड मागे गेली, गळ्यापासून काखेपर्यंत सगळं जुळलं. फक्त ती बाही पांढरी झाली, मरून फुलांची. आई हसायला लागली आणि हसता हसता खरंच रडली.

पुढचं काम भराभर झालं. गळ्यापाशी टोपीची शिवण आली तिथे मशीनची सुई मोडली, म्हणून तेवढं आईने दाभणाने हाताने शिवलं. टोपीत नाडी घातली ती वडिलांच्या पायजम्याची. मनगटांना माझ्या शाळेच्या मोज्यांचे काठ लावले. वडिलांनी स्वेटशर्ट हातात तोलून पाहिला, दोन बाह्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाले, "गाडी कवा हाय?"

शिबिरात पहिल्याच सकाळी मुलींनी विचारलं, एक बाही अशी का? मी ठणकावून सांगितलं की सोलापुरात सध्या हीच फॅशन आहे. दोघींनी तर शिंप्याचा पत्ता मागितला. त्या थंडीत दात वाजायचे, पण टोपीची नाडी ओढली की मला आमच्या ओसरीची ऊब लागायची. आयुष्यात पुढे मला बरंच काही मिळालं, पण इतकं ऋण मला कधी वाटलं नाही. आईचं, मावशींचं, आणि दोन्ही बाजूंनी विणणाऱ्या त्या मागाचंही.

परत आले तेव्हा आईने दारातच विचारलं, "हसलं का गं कुनी?" एवढे दिवस तिने तीच धास्ती घेतली होती. मी फॅशनचं सांगितलं. तिने पिशवीतून स्वेटशर्ट काढला, तोंडाला लावून वास घेतला, आणि साडीवरूनच अंगात चढवला. टोपी डोक्यावर ओढली, नाडी बांधली. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. मंद्रूप आणि सोलापूर सोडून आईने तोवर दुसरं गाव पाहिलेलं नव्हतं.

"आता सांग," ओसरीवर बसत ती म्हणाली. "गाडीत बसल्यापासनं सांग."

मला बर्फापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. आईच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण तोवर तिने टोपी काढली नाही.