चौदा खोकल्यांची सुगंधाबाई

भांडुपच्या धर्मार्थ दवाखान्याच्या ओट्यावर रोज सकाळी रांग लागायची ती बाटल्यांची. औषधाला बाटली घरची न्यायची हा त्या वेळचा रिवाज. बाटली ठेवली की नंबर लागला. मग बाई घरी जाऊन भाताला आधण ठेवून यायला मोकळी. पंचावन्न सालच्या एका सोमवारी मी धोतर सावरत, खोकत खोकत तो ओटा चढलो आणि पहिल्याच बाटलीला माझा पाय लागला. पहिलीनं दुसरीला ढकललं, दुसरीनं तिसरीला. सत्तावीस बाटल्या गडगडत अंगणात उतरल्या आणि अर्ध्या भांडुपचे आजार एकमेकांत मिसळून गेले. फुटली एकच. ती माझ्या हातातली.

मी शाळामास्तर. दुपारच्या शाळेत पोरांना रांगेत उभं करणं हाच माझा धंदा. त्यामुळे बायका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेली एक काटकुळी बाई उठली. तिनं पदर खोचला आणि एकेक बाटली नाकाशी धरून जागेवर ठेवायला सुरुवात केली.

"ही सहदेवाची, हिका अजून एरंडेलाचो वास. ही शेवंतीच्या सासऱ्याची, हिचा बूच कागदाचा."

सत्तावीस बाटल्या, सत्तावीस घरं, चूक एक नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तरानू, तुमचो नंबर अठ्ठाविसावो. बाटली घेवन येवा. आणि चलताना खाली बघा."

ही सुगंधाबाई. तिचं माहेर आचऱ्याच्या पुढे कुठेतरी. घरात एक म्हैस होती, तिचं रेडकू दगावलं आणि म्हशीनं दूध चोरायला सुरुवात केली. तेव्हा आठ वर्षांची सुगंधा गोठ्याच्या कुडामागे बसून हुबेहूब रेडकासारखी रेकायची. म्हैस फसायची आणि पान्हा सोडायची. दोन वर्षं त्या घरानं चहा घेतला तो सुगंधेच्या गळ्यावर. पुढे लग्न होऊन ती मुंबईला आली, आणि भांडुपच्या चाळीत तो गळा बरीच वर्षं निकामी पडून राहिला.

त्याला काम मिळालं ते दवाखान्यामुळे. दवाखाना नऊ ते बारा. चाळीतले पुरुष कारखान्यात सात ते साडेतीन. खाडा केला की मुकादम तोंड फिरवायचा, दुसऱ्यांदा केला की नाव कापायचा. तेव्हा खोकायचं नवऱ्यानं आणि औषध आणायचं बायकोनं, असं ठरून गेलं. सुगंधाबाईचा नवरा गुणाजी कारखान्यात सहाणेच्या चाकावर लोखंड घासायचा. खोकला त्याला असा लागायचा की जिना चढताना तो तिसऱ्या पायरीवर बसायचा.

पहिल्या दिवशी डॉक्टर मार्तंड बेडेकरांनी विचारलं, "खोकला कसा आहे? कोरडा की ओला?"

"असो," म्हणून सुगंधाबाई खोकली.

डॉक्टर दचकले. त्यांनी पुन्हा खोकायला सांगितलं. मग माणूस शास्त्राचा, सवयीनं त्यांनी नळी तिच्याच पाठीला लावली. "जोरात श्वास घ्या."

"त्येंका इतको जोरात येणा नाय," ती म्हणाली, आणि तिनं अर्धाच घेतला.

डॉक्टरांनी लाल औषध दिलं. ही गोष्ट चाळीत पसरली. बाकीच्या बायकांना नवऱ्याचा राग हुबेहूब काढता येई, खोकला काही जमेना. सगळ्या सुगंधाबाईकडे यायला लागल्या. ती संध्याकाळी त्यांच्या दारात पाच मिनिटं बसायची, कान द्यायची, आणि सकाळी डॉक्टरांपुढे तो खोकला सादर करायची. सहा महिन्यांत तिच्याकडे चौदा खोकले जमले. अंगात स्वतःचा एकही नाही.

पण गुणाजीचा दम काही हटेना. आठ महिने लाल औषध पोटात गेलं, डॉक्टरांनी त्याला एकदाही पाहिलेलं नाही. सुगंधाबाईनं मनाशी धरलं, की दवाखाना संध्याकाळचा झाला पाहिजे आणि नवऱ्याची छाती डॉक्टरांच्या नळीखाली गेली पाहिजे.

त्याच सुमारास विश्वस्तांनी रुग्ण सल्लागार मंडळ नेमलं. सभासद पाच; पाचही जण स्वतःच्या औषधाला मुलुंडच्या खाजगी डॉक्टरकडे जात. इथलं औषध उत्तम आहे यावर त्यांचं एकमत होतं. अध्यक्ष श्यामकांतराव जयवंत. मी त्या पाचांतला नव्हे, पण अक्षर बरं म्हणून चिटणीस मी. सभा दवाखान्यातच, वेळ सकाळी अकराची.

"संध्याकाळच्या वेळेचा अर्ज आलेला आहे," श्यामकांतराव म्हणाले. "पण रुग्णांनी जातीनं हजर राहून बोलावं, असा नियम आहे. कुठे आहेत रुग्ण?"

"कामावर," अर्ज देऊन समोर उभी असलेली सुगंधाबाई म्हणाली.

"मग दुसऱ्या कोणाला त्यांच्या वतीनं बोलता येणार नाही."

"बोलणंय नाय. खोकतंय."

आणि ती खोकली. दोन कोरडे, एक ओला, शेवटी बारीक "आई गे". मंडळाचे एक सभासद, चाळीचे मालक जयंतीशेठ, पेपर वाचत होते. मान वर न करता ते खेकसले, "सहदेव, जिन्यात थुंकू नको." मग त्यांनी चमकून दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

श्यामकांतरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे सहदेव हजर आहे असं धरायचं का?"

"आवाज तर त्याचाच आहे," जयंतीशेठ म्हणाले. "रोज ऐकतो ना मी."

मी इतिवृत्तात लिहिलं: सहदेव, खोकून हजर. त्यामागून शेवंतीचा सासरा आला, गुणाजी आला, चौदाही आले. मंडळाचे पाच मिळून एकोणीस झाले. श्यामकांतराव नियमाचे पक्के. त्यांनी ठराव रीतसर मताला टाकला. अनुकूल असतील त्यांनी खोकावं. सुगंधाबाई पाच मिनिटं खोकत होती. मग प्रतिकूल असतील त्यांनी. खुद्द श्यामकांतरावांचा घसा मघापासून खवखवत होता, पण त्यांनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो दाबून धरला. ठराव चौदा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला.

"मला चालेल संध्याकाळ," पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर म्हणाले. "हा गुणाजी नावाचा माणूस मला एकदा बघायचाच आहे."

पहिल्या संध्याकाळी गुणाजी हातपाय धुऊन, भांग पाडून आला. इतक्या मोठ्या माणसासमोर कसं खोकावं या संकोचानं तो नुसताच "हुं" म्हणाला.

"हा तुमचा खोकला नव्हे," डॉक्टर म्हणाले. "तुमचा मी ओळखतो." त्यांनी बाईकडे पाहिलं. बाईनं काढून दाखवला. "हा. असा खोका."

गुणाजीनं प्रयत्न केला, जमेना. शेवटी डॉक्टरांनी नळी त्याच्या छातीला लावली आणि फिरवत फिरवत पाठीपर्यंत नेली. मग त्यांनी लाल औषध बंद केलं. ही चाकाची धूळ आहे, छातीत बसलेली, असं सांगून त्यांनी कारखान्याला चिठ्ठी लिहिली, की या माणसाला चाकावरून काढून फाटकावर बसवा. आणखी वर्षभर असंच चाललं असतं, तर चिठ्ठी लिहायला माणूस उरला नसता, असंही ते हळूच म्हणाले. सुगंधाबाईनं चिठ्ठी चार घड्या करून कमरेला खोचली आणि ती नवऱ्याला घेऊन ओट्यावर आली.

मला राहवेना. मी विचारलं, "बाई, म्हणजे आठ महिने तुम्ही खोकला चुकीचा काढत होतात?"

"माझो बरोबरच होतो," ती म्हणाली, "ह्येंकाच नीट खोकूक येणा नाय."