उसना रस्ता

परत जाणाऱ्यांच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना त्या ऑफिसात सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणत. आश्रय मागायला आलेल्यांची गर्दी खालच्या मजल्यावर. तिथे दहा खिडक्या, नंबराचं मशीन, रडणारी पोरं. त्यातला एखादा वर्षानुवर्षं वाट बघून थकला, किंवा घरच्या ओढीनं कासावीस झाला, आणि आपण होऊन परत जायचं म्हणाला, की त्याला वर पाठवत. वर एक खोली, एक टेबल, पार्किंगकडे उघडणारी खिडकी आणि बाई. तिकीट, कागदपत्रं, तिकडे उतरल्यावरची सोय हे सगळं त्याच बघत. अकरा वर्षं बघत होत्या. खालच्या खिडकीवाल्यांना वाटे, बाईंचं काम आरामाचं आहे. ‘येणाऱ्याला नाही म्हणायचंय आम्हाला, जाणाऱ्याला टाटा करायचाय तुम्हाला,’ असं एकजण जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता. बाई त्याच्याशी पुढे दोन महिने बोलल्या नाहीत.

फॉर्मच्या शेवटी एक ओळ होती: मी माझ्या मर्जीने जात आहे. खाली सही. या ओळीवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. सहा वर्षं एका खोलीत पाचजणांबरोबर काढलेल्या माणसाची मर्जी नक्की कुठली, हे त्याचं त्याला तरी कळतं का, असं त्यांना वाटे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका माणसाची सही घेतली होती. बोलायला नीट, हसतमुख, कागद सगळे जागच्या जागी. तो विमानतळावर उतरला आणि चार दिवस तिथल्याच बाकावर बसून राहिला. जायला घरच नव्हतं. घर आहे का, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं, कारण फॉर्मवर तो रकाना नव्हता.

त्यानंतर बाईंनी आपला एक रकाना काढला. सहीच्या आधी त्या पेन खाली ठेवत आणि म्हणत, विमानतळावरून घरापर्यंतचा रस्ता सांगा. गाडी कुठली, उतरायचं कुठे, कोपऱ्यावर काय आहे, दार कुठल्या बाजूला. ज्याला दारापर्यंत पोहोचता आलं त्याची सही. जो मध्येच अडखळला त्याला त्या पंधरा दिवसांनी परत बोलवत, आणि त्या पंधरा दिवसांत खरं काय ते हळूहळू बाहेर येई. वरच्या साहेबांना हे पसंत नव्हतं, पण बाईंचं टेबल एकटीचं होतं आणि बाई हट्टी होत्या.

या कामात त्यांच्या जोडीला दुभाषा होता. निवृत्त शाळामास्तर, सगळे त्यांना मास्तरच म्हणत. टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून ते बसत आणि इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करत. आवाजात चढउतार नाही, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. समोरचा रडला तरी मास्तर सपाट आवाजात सांगत, ‘मला आईची आठवण येते, असं ते म्हणतात.’ बाईंना या माणसाचा फार आधार वाटे.

त्या सोमवारी शिंपी आला. पन्नाशीचा, बोटांवर सुयांचे जुने घट्टे. सात वर्षं इथे होता, अर्जाचा निकाल लागला नव्हता, आणि आता त्याला थांबायचं नव्हतं. बायको तिकडे एकटी होती. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि रस्ता विचारला. शिंप्यानं एक दम घेऊन सुरुवात केली. पांढऱ्या गाडीनं बाजारापर्यंत. मग निळ्या शटरचं औषधाचं दुकान. त्याला लागून न्हावी, तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीचा हात तुटलेला. तिथून डावीकडे तिसरं दार. कुठे अडखळला नाही. बाईंनी पेन उचललं आणि तसंच हातात धरून ठेवलं. मधल्या खुर्चीचा तुटलेला हात त्यांनी आधीही ऐकला होता. तीन आठवड्यांपूर्वी, एका नर्सच्या तोंडून, आणि ती नर्स भलत्याच शहरातली होती.

त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीकडे बघत होते.

‘मास्तर, हा रस्ता आपण किती वेळा ऐकलाय?’

‘चार वेळा, बाई.’

‘आणि तुम्ही बोलला नाहीत?’

‘दुभाष्यानं पदरचं घालायचं नसतं,’ मास्तर म्हणाले. ‘ते बोलले तेवढं मी सांगितलं.’

बाईंनी कपाळाला हात लावला. चारांपैकी तिघं निघूनही गेली होती. शिंप्याला खोदून विचारल्यावर सगळा उलगडा झाला. वरच्या बाई रस्ता विचारतात ही बातमी खालच्या दालनात कधीच पसरली होती. कोणा एकाचा रस्ता दारापर्यंत नीट पोहोचला, सही झाली, आणि मग ज्यांच्याकडे स्वतःचा नव्हता त्यांनी तो पाठ करून घेतला. नंबराच्या मशीनशेजारी बसून एकमेकांची तयारीसुद्धा घेत म्हणे. बाईंना राग आला. लोकांचा नाही, स्वतःचा. इतकी वर्षं आपल्या प्रश्नाचं त्यांना मनातून फार कौतुक होतं.

त्यांनी शिंप्याला तिथेच बसवून ठेवलं आणि त्या तिघांना फोन लावले. नर्स मावशीकडे उतरली होती, बरी होती. दुसऱ्याच्या भावानं उचलला. तिसरा फोन बंद होता. बाईंनी तो नंबर कॅलेंडरवर सोमवारच्या चौकटीत लिहिला, पुढच्या सोमवारीही लिहिला, आणि मग शिंप्याकडे वळल्या. स्वतःचा रस्ता का नाही सांगितलात, असं विचारलं.

शिंपी बोटांचे घट्टे चाचपत बोलू लागला. मास्तरांनी सांगितलं, ‘माझ्या घराचा रस्ता मला झोपेतही सांगता येईल, असं ते म्हणतात. पण तिथे आता घर नाही. बायको दुसऱ्या गावी खोली घेऊन राहते. ते गाव मी पाहिलेलं नाही. जिथे कधी गेलोच नाही तिथला रस्ता कुठून सांगू?’

घोडं इथे अडलं होतं. बाईंच्या नियमानं शिंप्याची सही घेता येत नव्हती. विमान शुक्रवारी होतं, आणि ते चुकलं तर पुढची तारीख चार महिन्यांनी. नुसत्या दयेपोटी सही घेतली तर तो बाकावरचा माणूस पुन्हा समोर येणार होता. बाईंनी टेबलावरचा फोन स्पीकरवर टाकला आणि शिंप्याच्या बायकोचा नंबर विचारला.

बायकोनं पहिल्याच घंटेला उचलला. तिला रस्ता विचारल्यावर ती आधी गोंधळली. मी घ्यायला येणारच आहे, यांना कशाला हवा रस्ता, म्हणाली. बाईंना हवाय, असं नवऱ्यानं सांगितल्यावर ती ऑफिसातल्या लोकांबद्दल काहीतरी पुटपुटली आणि मास्तरांनी तेही जसंच्या तसं सांगितलं. मग ती रस्ता सांगू लागली. पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं. शाळेच्या भिंतीनं सरळ. पिठाची गिरणी लागली की थांबायचं, कारण पुढे कुत्रं आहे, पण ते चावत नाही. गिरणीमागे जिना. शिंपी शिवणाच्या खडूनं, तो त्याच्या खिशात होताच, बाईंच्या टेबलावर रेघ ओढत होता. बाईंनी त्याला अडवलं नाही.

‘जिन्याला सात पायऱ्या,’ मास्तर सांगत होते. ‘दुसरी तुटलीय. त्यांना म्हणावं, सामान घेऊन चढताना जपून.’

शिंप्यानं खडू थांबवला आणि रेघेवर एक छोटी फुली केली. सगळा रस्ता त्यानं स्वतःच्या तोंडानं पहिल्यापासून म्हणून दाखवला. कुत्रं विसरला, बायकोनं तिकडून आठवण केली. तुमचं तिथे जाणं तिला खरंच हवंय का, हे विचारायचं बाईंच्या मनात होतं. ते त्यांनी विचारलं नाही. सही झाली. फॉर्मवर ‘पोहोचण्यातील अडचणी’ असा एक रकाना होता, त्यात त्यांनी लिहिलं: दुसरी पायरी तुटलेली. साहेबांनी त्यावर लाल प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. बाईंनी तो तसाच फाइलला लावला.

महिन्यानं, रिवाजाप्रमाणे, त्यांनी फोन केला. त्याआधी कॅलेंडरवरचा नंबर फिरवला. तो बंदच होता. मग शिंप्याचा. गिरणीचा आवाज येत होता, त्यामुळे मास्तरांना फोन कानाला घट्ट धरावा लागला. बाईंनी ठरलेले प्रश्न विचारले. तब्येत, काम, कोणी त्रास देतं का. मशीन एक मिळालंय, जुनं आहे, पण चालतं, असं शिंपी म्हणाला. शेवटी बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का.

मास्तर ऐकत राहिले. मग त्यांनी फोन जरा दूर धरला आणि घसा साफ केला. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं.

‘दुसरी पायरी नीट केली, असं ते म्हणतात,’ मास्तर म्हणाले. ‘बाईंना आवर्जून सांगा, म्हणाले. आणि हे माझं पदरचं, बाई. त्यांचा आवाज बरा वाटतो.’

बाईंनी फाइल काढली आणि रकान्यातल्या त्या तीन शब्दांवर एक रेघ मारली.