पुढच्या धक्क्यापर्यंत

डिझेलचा वास आला की सिंगापूर नदीवरची ती संथ बोट आठवते. सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, म्हणून नवरा आम्हा दोघींना फिरवायला घेऊन गेला होता. उन्हाने लाकडी बाक तापला होता. मला नोकरी मिळाल्याचं मी सांगितलं, तशा सासूबाई म्हणाल्या, “नोकरीसाठी नाही आणलं तुला इथे.” मी म्हटलं, “मला कुणी आणलेलं नाही, आई. मी आलेय.” “माहेरी हेच शिकवलं का?” त्या इतक्या जोरात ओरडल्या की पुढचे प्रवासी वळून बघायला लागले. नवरा पाण्याकडे बघत राहिला. बोट धक्क्याला लागताच मी एकटीच उतरले आणि एमआरटी मेट्रोने घरी आले. परत जाईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी नोकरी धरली, त्यांची समजूत मात्र काढली नाही. आजही काढावीशी वाटत नाही.