तळ्याकाठचे हरकतदार

गावाला घोर लागला की किस्से फार पिकतात, हे मला गेल्या दोन महिन्यांत कळलं. एरवी आमच्या वाडीत वर्षाला दोन-तीन धड किस्से होतात, तेही गणपतीत चाकरमानी आले तर. पण दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या फलकावर तो नकाशा लागला, आणि आता हरकतींची फाईल जेवढी जाड झाली आहे त्याच्या दुप्पट किस्से माझ्याकडे साठलेत. माझा गुन्हा एवढाच की मी इथल्या हायस्कुलात तीस वर्षं मराठी शिकवलं. "बाईनू, तुमी लिवा," असं म्हणत सगळी वाडी माझ्या पडवीत! सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, आणि स्वस्थ बसवत तर अजिबात नाही.

आधी प्रकरण काय ते सांगते. आमच्या गावात एक तळं आहे. त्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतं, त्याला आम्ही वायंगण म्हणतो. वाडीतल्या सगळ्या विहिरीही त्याच्याच पाझरावर. तळ्याकाठची जमीन आजवर कागदोपत्री शेतीची होती. नव्या नकाशात ती रहिवासाची दाखवली, कारण एका कंपनीला तिथे ‘लेकसाईड’ बंगले बांधायचेत. हरकत द्यायला मुदत तीस दिवस. आणि सगळ्यांच्या आधी त्या पट्ट्यात येत होतं ते इनासमामांचं घर आणि शेत.

*

इनासमामा पंचाहत्तरीचे. तळ्याच्या बांधाला लागून त्यांचं कौलारू घर, दारात क्रूस, मागे डुकरांचा गोठा, पुढे वायंगणाचे चार कोपरे, म्हणजे भाताची खाचरं. नकाशा लागला त्या दिवशी ते चर्चमधली सकाळची प्रार्थना आटोपून थेट ग्रामपंचायतीत आले. इस्त्रीचा शर्ट अंगात तसाच.

चष्मा पुसून बराच वेळ नकाशा बघत राहिले. मग क्लार्कला म्हणाले, "ह्यो हिरवो रंग शेतीचो. बरो. पण माझ्या घरावर ह्यो पिवळो कसलो?"

क्लार्क नवीन होता, उत्साही होता. म्हणाला, "मामा, पिवळा म्हणजे रहिवास. तिथे आता रहिवास होणार!"

मामांनी चष्मा काढून खिशात घातला.

"मगे पंचाहत्तर वर्सा मी थंय काय करी होतंय?"

*

माझ्या पडवीत पहिली हरकत लिहायला आली सुरंगा. ती मासे विकते, तळ्याच्या उतारावर राहते आणि तिचा आवाज बंदरापर्यंत जातो. टोपली उतरवली, पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "लिवा. तुमच्या आवशीच्या विहिरीत कोणी संडासाचा पाणी सोडला तर तुमी गप रवशात काय?"

मी लिहिलं, "सदर बांधकामामुळे परिसरातील विहिरींचे पाणी दूषित होण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी याचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती."

"वाचून दाखवा."

वाचून दाखवलं. सुरंगाने कपाळाला हात लावला. "बाईनू, ही हरकत आसा की लग्नाची पत्रिका? ह्या वाचून तेंका वाटतला मी तेंका जेवूक बोलवतंय!"

मी समजावलं, ऑफिसची भाषा अशीच असते. ती म्हणाली, "म्हणानच ऑफिसात कामां होणत नाय." शेवटी तोडगा काढला. माझा परिच्छेद वर, आणि खाली ‘हरकतदाराच्या शब्दांत’ असं लिहून तिचं वाक्य जसंच्या तसं.

अर्ज द्यायला मी स्वतः गेले. आवक-जावकवाल्या बाबूने माझा परिच्छेद न वाचताच शिक्का उचलला. मग खालच्या ओळीवर नजर पडली आणि शिक्का हवेतच राहिला. "आईची विहीर काढली म्हणजे आता वाचायलाच हवं," असं म्हणून त्याने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली. तीस वर्षं मी मुलांना अर्जलेखन शिकवलं, आठ मार्कांचं! त्या संध्याकाळी घरी आल्यावर पहिल्यांदा मला त्या आठ मार्कांबद्दल शंका आली.

*

मग कंपनीने आमच्यासाठी प्रेझेंटेशन ठेवलं. शाळेच्या हॉलमध्ये मोठा पडदा, समोसे, बाटलीबंद पाणी. मॅनेजर गोरेगोमटे, बोलायला गोड. पडद्यावर आमचं तळं आलं, पण आम्हाला ओळखायला वेळ लागला. काठाला दिवे, मध्ये होडी, आणि पाण्यात पांढरेशुभ्र राजहंस.

"ही बदकां कोणाची?" सुरंगाने विचारलं.

"ते कंप्युटरवर घातलेत, ताई. व्ह्यू चांगला दिसतो."

"आणि माझी म्हस खंय गेली? ती रोज थंय बसता."

मॅनेजर हसून म्हणाले, "म्हैस काढली आहे."

"इनासचा घर?"

"तेही सध्या दाखवलेलं नाही."

सुरंगा मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "म्हस काढली, माणसां काढली, पाणी तेवढा ठेवलानी. उपकार झाले मरे!"

हॉल इतका हसला की मॅनेजरही हसले. पण मी बघत होते, इनासमामा हसले नाहीत. ते पडद्यावर आपलं घर शोधत होते, आणि मला त्या मॅनेजरचा मनापासून राग आला.

कार्यक्रमानंतर मॅनेजर जागा बघायला तळ्यावर आले. ऊन चढलं होतं. इनासमामांची बायको रोजामामी, तिने रीतीप्रमाणे घरात बोलावलं, विहिरीचं पाणी आणि गूळ पुढे केला. गृहस्थांनी एक तांब्या संपवला, दुसरा मागितला. "काय गोड पाणी आहे हो! आमच्याकडे असं मिळत नाही."

रोजामामी म्हणाली, "पिया, पिया. तुमचे बंगले झाले की आमकाव मेळाचा नाय."

*

वाडीत दोन सख्खे भाऊ आहेत, थोरला वसंत आणि धाकटा दिगंबर. सामाईक जमीन, एकच सातबारा, मध्ये एक फणसाचं झाड. त्या झाडावरून बारा वर्षं बोलणं नाही. एका विहिरीवर येतात, पण पाळीपाळीने.

कंपनीचा एजंट दोघांकडे वेगवेगळा फिरला. प्रत्येकाला सांगितलं, दुसरा सही द्यायला तयार आहे. झालं! दोघेही त्याच दिवशी, तासाच्या फरकाने माझ्या पडवीत. आधी वसंत, मग दिगंबर. दोघांनाही जमीन द्यायची नव्हती. मी मनात म्हटलं, निदान या निमित्ताने तरी घर एक होईल. मी म्हटलंही, "अरे, एकच हरकत लिहू, दोघांच्या सह्या घेऊ."

"शक्य नाय," दिगंबर म्हणाला. वसंताने निरोप पाठवला, "शक्य नाय." या एका मुद्द्यावर त्यांचं तेवढं एकमत!

दोन अर्ज लिहिले. विषय दोघांनीही आपापला सांगितला आणि अक्षराचा फरक नाही. "विषय : तळ्याकाठच्या जमिनीचा झोन बदलण्यास व माझ्या भावास हरकत असणेबाबत."

*

मुदत संपत आली तसं सगळ्यांचं डोकं फिरायला लागलं. माझं सुद्धा. एके सकाळी सुरंगा दारावर आली, टोपलीत बारीक मासे, पेडवे होते. मी म्हटलं, "सबब, वीस रुपयांचे पेडवे ताजे पाहून द्यावेत, ही विनंती." माझ्या लक्षातही आलं नाही! सुरंगाने पेडवे दिले आणि जाताना माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "बाईंका जरा दोन दिवस माहेराक धाडा."

चहा पाच-सहा वेळा व्हायचा. कुठली नवी गाडी दिसली की गेटपर्यंत जाऊन नंबर बघायचा. कोण विकतोय, कोणी विकलं, रोज एक नवी बातमी आणि दुसऱ्या दिवशी ती खोटी. देवळात बसा, चर्चच्या पायरीवर बसा, बोलणं तेच.

त्या दिवसांत एकदा इनासमामा आले. हरकत आधीच दिली होती, तरी आले. बसले, चहा घेतला, मग विचारलं, "बाईनू, वायंगणाचा बी भिजत घालू काय नको?"

बी भिजवायचं म्हणजे मग रुजवण, मग लावणी, वैशाखात कापणी. तोवर जमीन कोणाची असेल हे कोणाला ठाऊक होतं? मी शिक्षिका. समोरच्याने विचारलं की उत्तर द्यायचं, ही माझी आयुष्यभराची सवय. त्या दिवशी मात्र "घाला," म्हणायला धीर नव्हता आणि "नको," म्हणायला जीभ उचलेना. मामा कप विसळून ठेवून गेले. त्यांनी बी भिजत घातलं की नाही, हे विचारायलाही मला भीती वाटत होती.

*

आणि मग सुनावणी. टेम्पो करून आम्ही जिल्ह्याच्या ऑफिसात, ओरोसला गेलो. सुरंगा, इनासमामा, रोजामामी, दोघे भाऊ टेम्पोच्या दोन टोकांना, आणि आबा गावकर. आबा म्हणजे देवळाचे मानकरी. गावाच्या वतीने देवाकडे बोलायचा मान त्यांचा. माणसांशी ते फारच कमी बोलतात.

सुनावणी घेणारे साहेब इकडचेच, वेंगुर्ल्याकडचे, पण खुर्चीत बसल्यावर शुद्ध बोलणारे. कंपनीचे मॅनेजर होते आणि जमिनीची पाहणी केलेले सर्व्हेवाले गृहस्थ होते. पन्नाशीचे, पुण्याकडचे, अगदी सज्जन. त्यांनी अहवाल वाचायला घेतला. "तळ्याकाठी सलग तीन दिवस पाहणी केली. घरे बंद आढळली. चुली थंड, गोठे रिकामे. गुरे, कोंबड्या, कुत्रीदेखील नाहीत. जमीन वापरात नसल्याचे दिसते."

इनासमामा उभे राहिले.

साहेबांनी विचारलं, "पाहणी कधी केलीत?"

"गेल्या मार्गशीर्षात, साहेब." त्यांनी तिन्ही तारखा वाचल्या.

आमच्यातून एकच कल्लोळ उठला, "गावपळण!"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, इनासमामांची डुकरं, सगळी. बाहेर माळावर खोपी घालून राहायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. ते तीन दिवस गाव देवाचा आणि गावाची राखण करणाऱ्या अदृश्य राखणदाराचा. माणसाने मागे राहायचं नाही म्हणजे नाही. माझी धाकटी जाऊ दहा दिवसांची बाळंतीण होती, तिलाही खाटेसकट नेलं होतं. आणि नेमकं त्या तीन दिवसांत हे गृहस्थ येऊन आमची घरं मोजून गेले!

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "अहो, तुम्ही कोणाला विचारलं नाहीत?"

"विचारलं ना, साहेब!" सर्व्हेवाले दुखावले. "तिथे एकजण होते."

गावपळणीत कोणी मागे राहिलं म्हणजे साधी गोष्ट नाही. वसंत दिगंबरकडे बघायला लागला, दिगंबर वसंताकडे.

आबा गावकर पहिल्यांदाच बोलले. "कोण? दिसाक कसो होतो?"

"उंच. धोतर, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. भर दुपारी बांधावर उभे होते. मी विचारलं, इथे कोण राहतं? म्हणाले, ‘हय मीच रवतंय.’ जमीन कोणाची? ‘माझीच.’ मग ही घरं? म्हणाले, ‘पोरांची. पोरां भायर गेली हत, परवा येतली.’ मी त्यांना बिस्कीटही दिलं, साहेब. खरं सांगायचं तर, हे अहवालात लिहायला हवं होतं, पण फॉर्मात तसा रकाना नव्हता."

रोजामामीने क्रूसाची खूण केली. सुरंगा, जिचा आवाज बंदरापर्यंत जातो, तिने पदर तोंडावर धरला होता. इनासमामा खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही. साहेबांकडे बघितलं तर त्यांनी टेबलाखाली हळूच दोन्ही पाय बुटांतून बाहेर काढले होते.

"लिहा," साहेब क्लार्कला म्हणाले. "तळ्याकाठी वस्ती आहे. स्थानिक रहिवाशाने तसे सांगितले होते. पाहणी रद्द. झोन होता तसा." मग म्हणाले, "मिटवा रे ही फाईल."

मॅनेजर उठून काहीतरी बोलायला लागले. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

सर्व्हेवाले मात्र कामात चोख माणूस. त्यांनी पिशवीतून मूळ फॉर्म काढला आणि आबांच्या शेजारी येऊन बसले. "निदान माझा फॉर्म तरी दुरुस्त करतो. त्यांनी नाव सांगितलं नव्हतं. वय मी अंदाजे सत्तर लिहिलंय. बरोबर आहे का?"

आबांनी फॉर्म हातात घेतला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि परत दिला.

"जरा वाढवून लिवा."